सुरतेचा बोहरी, हिशोबाला पक्का!

पुण्याच्या रविवार पेठेत बोहरी आळी आहे. घरात काही ठोकायचं, टांगायचं, बांधायचं असलं की पुणेकराची पावलं तिकडं वळतात. मुंबईकराला हेच भेंडी बाजारात सापडतं. मराठी माणसाची बोहऱ्यांशी ओळख बहुतेक वेळा गल्ल्याच्या अलीकडेच थांबते. पांढरी टोपी, तिला सोनेरी पट्टी, आखीव दाढी आणि आपण बोटांनी माप दाखवताच नेमका तोच स्क्रू खणातून काढून देणारा हात. भाव विचारलात तर हसत सांगेल. घासाघीस केलीत तरी हसेल, पण भाव तोच राहील.

या समाजाचं, म्हणजे दाऊदी बोहऱ्यांचं, जगभरातलं संख्याबळ साधारण दहा लाखांच्या घरातलं सांगतात. म्हणजे आपल्या एकट्या नाशिक शहराहूनही कमी. पण पसारा बघाल तर कैरो, येमेन, झांझिबार, नैरोबी, कोलंबो आणि हो, माथेरानसुद्धा! या सगळ्या दोऱ्यांची गाठ बसली आहे ती तापीकाठच्या सुरतेत. ती थोडी सैल करून बघू.

गोष्ट सुरू होते राणीपासून

शियांमधल्या इस्माइली पंथाचे फातिमी खलिफा इजिप्तवर राज्य करत होते. कैरो शहर त्यांनीच वसवलं, अल-अझहरही त्यांचंच. ११३० मध्ये खलिफा अल-आमिरचा खून झाला. त्याचा तान्हा मुलगा तय्यब लपवला गेला, तो पुन्हा जगासमोर आलाच नाही. या मुलाच्या बाजूनं ठाम उभी राहिली येमेनची राणी अरवा. शुक्रवारच्या खुतब्यात, म्हणजे नमाजाच्या प्रवचनात, तिच्या नावाचा उल्लेख होई, एवढा तिचा दरारा. इमाम, म्हणजे हा तय्यब, पडद्याआड गेले, तर त्यांच्या वतीनं कारभार बघायला कुणीतरी हवं, म्हणून तिनं 'दाई'ची गादी सुरू केली. तीच परंपरा आज ५३व्या दाईंपर्यंत आली आहे. समाज त्यांना 'सय्यदना' म्हणतो, आणि घरगुती बोलण्यात नुसतं 'मौला'.

आता गुजरात. अकराव्या शतकात याच पंथाचे प्रचारक मौलाई अब्दुल्ला खंबातच्या बंदरात उतरले, अशी परंपरा. तिथं काका अकेला आणि काकी अकेला नावाचं शेतकरी जोडपं होतं, त्यांची विहीर कोरडी होती, मौलाईंनी दुवा केली आणि विहिरीला पाणी लागलं. दंतकथाच ती, पण पाण्यासाठी तडफडणाऱ्या मुलखात विहिरीची कथा रुजणार, तलवारीची नाही, हे सांगणाऱ्याला बरोबर कळलं होतं. पुढं गुजरातेतले व्यापारी या पंथात येत गेले. सोळाव्या शतकात सिद्धपूरचे युसूफ नजमुद्दीन दाई झाले आणि १५६७च्या सुमारास गादीच येमेनहून अहमदाबादेत आली.

आणि मग वारसाहक्काचं भांडण. घराणं म्हटलं की ते आलंच! २६वे दाई गेल्यावर दोन दावेदार उभे राहिले. दाऊद बिन कुतुबशहांच्या मागे गेले ते दाऊदी, सुलेमान बिन हसन यांच्या मागे गेले ते सुलेमानी. प्रकरण थेट अकबराच्या दरबारात गेलं. पुढं अलवी बोहऱ्यांची तिसरी पाती फुटली, ती बडोद्याला स्थिरावली. दाऊदी संख्येनं कितीतरी मोठे, सुलेमानी मूठभर. पण मूठभरांनी काय माणसं दिली बघा: काँग्रेसचे तिसरे अध्यक्ष बद्रुद्दीन तय्यबजी सुलेमानी, आणि पंढरपुरात जन्मलेला मकबूल फिदा हुसेन हाही सुलेमानी बोहऱ्याच्या घरचा.

वीरजी व्होरा बोहरी नव्हे!

सुरत म्हटलं की मराठी कान टवकारतात. जानेवारी १६६४, महाराजांची स्वारी. त्या लुटीच्या हकिगतीत वीरजी व्होरा हे नाव येतंच. त्या काळातल्या जगातल्या बड्या सावकारांपैकी एक. नावावरून अनेकजण त्याला बोहरी समजतात. तो जैन होता. 'व्होरा' हे गुजरातीत व्यापाऱ्याचं आडनाव, ते हिंदू-जैन घरांतही आहे. याच्या उलट तापीपलीकडच्या रांदेरात सुन्नी व्होरा राहतात. रंगूनशी व्यापार करून श्रीमंत झालेली ही मंडळी दाऊदी बोहऱ्यांहून वेगळी. तेव्हा पुढच्या वेळी कुणी 'बोहरी म्हणजे सगळे एकच' असं म्हणालं, तर बिनधास्त टोका.

त्या काळी सुरतेला 'मक्केचं दार' म्हणत, कारण हाजी लोकांची जहाजं इथूनच सुटत. या यात्रेकरूंसाठी १६४४ मध्ये बांधलेली मुघल सराई अजून उभी आहे. आत आता सुरत महानगरपालिकेची कचेरी आहे! जिथं हाजी जहाजाची वाट बघत बसायचे, तिथं आज नागरिक सहीची वाट बघत बसतात.

दाईंची गादी मात्र सुरतेला सरळ आली नाही. अहमदाबादेत १६४६ मध्ये, औरंगजेब गुजरातचा सुभेदार असताना, ३२वे दाई कुतबुद्दीन यांना देहदंड दिला गेला. मग गादी फिरतच राहिली: जामनगर, मांडवी, उज्जैन, आणि आपलं खानदेशातलं बुऱ्हाणपूर. अठराव्या शतकाच्या अखेरीस ४२व्या दाईंनी ती सुरतेत आणली. वखारींचं वैभव तोवर मुंबईकडं सरकू लागलं होतं. म्हणजे बाकीचे व्यापारी सुरत सोडायच्या विचारात असताना बोहऱ्यांनी तिथं मुक्काम ठोकला.

दुष्काळातही वही उघडी

मला या समाजाची सगळ्यात आवडती गोष्ट ही. १८१३च्या दुष्काळात काठेवाडातून बारा हजार बोहरी सुरतेत येऊन दाखल झाले, असं समाजात सांगतात. ४३वे दाई अब्देअली सैफुद्दीन यांनी त्यांना जेवूखाऊ घातलं. इथपर्यंत कुठलाही दानशूर जाईल. पण यांनी प्रत्येकाच्या हाताला काम दिलं, कमाई जमा करून ठेवली आणि दुष्काळ सरल्यावर गावी परतताना ज्याची त्याला मोजून दिली. खिचडीचा हंडा लावणारे पुष्कळ असतात. दुष्काळग्रस्ताच्या नावानं खातं उघडणारा विरळा!

याच दाईंनी १८१४च्या सुमारास सुरतेत मदरसा काढला, 'दर्से सैफी'. आज तो 'अल-जामिया-तुस-सैफिया' या नावानं ओळखला जातो. झांपा बाजाराजवळच्या देवडी भागात त्याची इमारत. मुलं आणि मुली दोघंही शिकतात, देशोदेशीहून येतात, अभ्यासक्रम सुमारे अकरा वर्षांचा. कराची, नैरोबी आणि मुंबईत मरोळला त्याच्या शाखा आहेत, पण मूळ पीठ सुरतच.

तिथं चालणारी भाषा ऐकलीत तर गोंधळाल. कानाला गुजराती वाटते, मध्येच अरबी शब्दांचा सडा पडतो, आणि लिहिली जाते अरबी लिपीत. तिला 'लिसानुद्दावत' म्हणतात. सुरतचा भाजीवाला ती निम्मी समजेल, कैरोचा प्राध्यापक उरलेली निम्मी.

१८३७च्या एप्रिलमध्ये सुरतेला आग लागली. नऊ हजारांवर घरं खाक झाली, आणि त्याच वर्षी तापीला पूर आला. शहराचं कंबरडंच मोडलं. तरीही जुनी हस्तलिखितं घराघरांतून जपली गेली. सुरतेच्या हमदानी घराण्याकडं असा मोठा साठा होता. विसाव्या शतकात त्याच घरातले हुसेन हमदानी लंडनला शिकायला गेले आणि ज्या फातिमी ग्रंथांचा युरोपातल्या पंडितांना पत्ता नव्हता, ते त्यांच्यासमोर आले. हा साठा पुढं लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ इस्माइली स्टडीजला दिला गेला. कैरोत रचलेलं कैरोत राहिलं नाही. सुरतेच्या पेटीत राहिलं.

चंद्र दिसो ना दिसो

दरवर्षी रमझान आला की बाकी मुसलमान चंद्रकोर शोधत गच्चीवर जातात. बोहरी निवांत असतात. त्यांच्याकडं फातिम्यांची 'मिसरी' दिनदर्शिका आहे आणि ती गणितावर चालते. पहिला महिना ३० दिवसांचा, दुसरा २९चा, तिसरा पुन्हा ३०चा, असं आलटून पालटून. रमझान नववा, म्हणजे विषम, म्हणजे कायम ३० दिवसांचा. बारावा जिल्हज तसा २९चा, पण ३० वर्षांच्या चक्रात ११ वर्षं अशी येतात की त्याला एक दिवस जास्तीचा मिळतो. आपल्या पंचांगातला अधिक मास जे काम करतो त्याचाच हा धाकटा भाऊ म्हणा, फक्त महिन्याऐवजी दिवसाचा. आणि तो सूर्याशी नव्हे, चंद्राशीच हिशोब चुकता करतो.

परिणाम असा की बोहऱ्यांची ईद बहुतेकदा इतरांच्या एक-दोन दिवस आधीच होते. पुढच्या पन्नास वर्षांतली ईद कोणत्या तारखेला, हे बोहरी आज सांगू शकतो. लग्नाचा हॉल बुक करणाऱ्याला याहून मोठं सुख नाही.

आठ जण, एक ताट

आता जेवायला बसू. जमिनीवर 'सफरो' अंथरायचा, म्हणजे मोठं कापड. त्यावर छोटी तिवई, तिला 'तरकती' म्हणतात, आणि तिच्यावर मोठं गोल ताट, थाळ. भोवती साताठ माणसं मांडी घालून बसणार, डोकी झाकलेली. घरातलं कुणीतरी 'चिलमची-लोटो' घेऊन फिरतं आणि पाहुण्यांनी जागेवरून न उठता हात धुवायचे. मग मिठाची वाटी फिरते. प्रत्येकानं चिमूटभर मीठ जिभेवर ठेवायचं आणि मगच जेवायला सुरुवात. शेवटही मिठानंच.

मिठानंतर थेट गोड! शुभप्रसंगी 'सोदन्नू', म्हणजे तूपसाखर घातलेल्या भाताचा घासभर मान. मग 'मिठास', मग 'खारास', पुन्हा मिठास, पुन्हा खारास, आणि शेवटी 'जमण', म्हणजे मुख्य जेवण. मलिदा, मग धुरी दिलेल्या खिम्याचे समोसे, मग संच्यात हातानं घुसळलेलं सीताफळाचं आइस्क्रीम, मग पुन्हा मटण. आपल्याकडं मुलांना 'आधी जेव, मग गोड' असं दटावणाऱ्या आज्यांनी हे वाचू नये. रोजच्या घरी मात्र डाळ-चावल-पलीदू. डाळ भाताच्या थरात जाते आणि तिच्या पाण्याचं कढीसारखं पातळ पलीदू होतं. साधं, आणि एकदा जमलं की सोडवत नाही.

ताट सर्वांचं असलं तरी प्रत्येकानं आपल्या पुढ्यातलंच खायचं, मधल्या ढिगावर हात मारायचा नाही. एक शीतही टाकायचं नाही. मोठ्या जेवणावळीत हे बघायला स्वयंसेवकांची 'दाना कमिटी' असते, दाना म्हणजे आपला दाणा. जेवण संपलं की ताटं बघत फिरायची, उरलंसुरलं वाया जाऊ द्यायचं नाही. आपल्या लग्नांत अशी एक कमिटी नेमा. पहिल्याच दिवशी तिच्यावर वरपक्ष रुसेल.

२०११च्या सुमारास याच हिशोबी डोक्यातून आणखी एक योजना आली: समाजाच्या स्वयंपाकघरात एकत्र रांधायचं आणि घराघरांत डबा पोचवायचा. श्रीमंताच्या घरी गेलेला डबा आणि गरिबाच्या घरी गेलेला डबा एकच. बाईचा एका वेळचा स्वयंपाक वाचतो. डब्याचं झाकण उघडल्यावर शेजारणींत 'आज काय आलंय?' हा प्रश्न रंगतो, आणि नावं ठेवायलाही मोकळीक असते, कारण आपण रांधलेलं नसतं!

मिठाचा आणखी एक हिशोब

सुरतेच्या दक्षिणेला, नवसारी जिल्ह्यात दांडीचा किनारा. ५ एप्रिल १९३० ला गांधीजी तिथं पोचले. रात्रीचा मुक्काम समुद्रकाठच्या 'सैफी व्हिला' नावाच्या बंगल्यात. बंगला होता ५१वे दाई ताहेर सैफुद्दीन यांचा. दुसऱ्या दिवशी सकाळी मिठाचा कायदा मोडला. जेवणाची सुरुवात मिठानं करणाऱ्या समाजाच्या छपराखाली मिठाचा सत्याग्रही झोपावा! कादंबरीकारानं लिहिलं असतं तर संपादकानं 'फारच जुळवलंय' म्हणून कापलं असतं. १९६१ मध्ये दाईंनी तो बंगला राष्ट्राला दिला.

पुढच्या महिन्यात गांधीजींना अटक झाल्यावर धारासण्याच्या मिठागरावरच्या मोहिमेची धुरा घेतली अब्बास तय्यबजींनी. वय ७६, बडोद्याच्या हायकोर्टाचे निवृत्त न्यायाधीश, आणि बोहरी, सुलेमानी पातीचे. त्यांनाही लगेच धरलं.

माथेरानशी काय लागेबांधे?

नेरळहून माथेरानला जाणारी झुकझुकगाडी १९०७ मध्ये सुरू झाली. पैसे सरकारचे नव्हते, बोहरी उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांच्या घरचे: खर्च १६ लाख. मुलगा अब्दुल हुसेन डोंगरावर राबून वळणं आखून घेत होता. पुढं याच माथेरानमध्ये १९६५ साली ५१वे दाई ताहेर सैफुद्दीन यांचं निधन झालं. आणि फातिमी कायद्याचा मुख्य ग्रंथ संपादित करून कैरोत छापणारे आसफ फैजी, तेही सुलेमानी बोहरी, त्यांचा जन्म १८९९ चा, कुठला? माथेरानचाच!

ताहेर सैफुद्दीन यांची कबर भेंडी बाजारातल्या रौदत ताहेरामध्ये आहे. आतल्या संगमरवरी भिंतींवर सोन्याच्या अक्षरांत संपूर्ण कुराण कोरलेलं आहे. वास्तुविशारद याह्या मर्चंट. कराचीतला जीनांचा मकबरा याच माणसानं आखला. तिकडं कैरोत, हजार वर्षांपूर्वीची खलिफा अल-हाकिमची पडीक मशीद ५२व्या दाईंनी, मोहम्मद बुऱ्हाणुद्दीन यांनी, १९८० मध्ये पुन्हा उभी करून दिली. हे बुऱ्हाणुद्दीन १९१५ मध्ये सुरतेत जन्मलेले. आजचे दाई मुफद्दल सैफुद्दीन यांचा जन्मही सुरतेचाच.

गल्ला कुणाचा?

हिशोबाला पक्क्या समाजात वादही हिशोबाचेच होणार. मुंबईत चंदाभाई नावाच्या पूज्य बोहऱ्याच्या कबरीजवळ देणग्यांचा गल्ला होता. त्यातले पैसे दाईंचे की समाजाचे? हे भांडण विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हायकोर्टात गेलं. दावेदारांच्या मागे होते माथेरानची गाडी बांधणाऱ्या त्याच पीरभॉयांच्या घरचे लोक! १९२१ मध्ये न्यायमूर्ती मार्टेन यांनी सांगितलं की हा पैसा विश्वस्तनिधीचा, आणि दाई त्याचे विश्वस्त.

त्या गल्ल्यातून निघालेला प्रश्न अजून मिटलेला नाही. बोहरी मूल वयात आलं की 'मिसाक' घेतं, दाईंशी निष्ठेची शपथ. लग्न, हज, दफन, सगळ्याला 'रजा' लागते, म्हणजे परवानगी. जमातीला यात ताकद वाटते. असगर अली इंजिनिअर यांच्यासारख्या सुधारकांना हीच वेठ वाटली, आणि त्यांनी त्याची किंमत मोजली. बहिष्काराला बंदी घालणारा १९४९चा मुंबईचा कायदा १९६२ मध्ये सुप्रीम कोर्टानं रद्द केला. त्याचा फेरविचार नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडं सोपवला गेला. मुलींच्या खतन्याविरुद्ध, म्हणजे सुंतेविरुद्ध, २०१७ साली केलेला अर्जही त्याच गाठोड्यात बांधला गेला. त्या अर्जामागं समाजातल्याच बायका बोलत्या झाल्या, हे नोंदवलंच पाहिजे. चटपटीत लेखात हा मुद्दा बेचव वाटेल, पण थाळाच्या कौतुकात तो गिळून टाकणं मला जमणार नाही.

वारसाहक्काचा ताजा खटला २०१४ साली सुरू झाला. २३ एप्रिल २०२४ ला मुंबई हायकोर्टानं मुफद्दल सैफुद्दीन यांच्या बाजूनं निकाल दिला. सोळाव्या शतकात अकबर होता, आता न्यायमूर्ती. घराचा वाद बाहेर जाऊन सोडवायची सवय जुनीच.

पाटीवरचा पत्ता

आडनावं वाचत बसलात तर बाजार फिरून येईल: लोखंडवाला, टिनवाला, काचवाला, लाकडावाला, रंगवाला, घडियाली. काहींच्या पाटीवर गावच लावलेलं: सुरतवाला, राजकोटवाला, मालेगाववाला, पूनावाला. पूर्व आफ्रिकेत गेलेल्यांनीही दुकान मांडलं. अलीभाई मुल्ला जीवनजी हे कराचीचे बोहरी. केनियाच्या कायदेमंडळात बसलेले पहिले बिनगोरे. आजही नैरोबीत भर वस्तीत जीवनजी गार्डन आहे.

झांपा बाजारात

सुरतेला गेलात तर रमझानात जा, संध्याकाळी झांपा बाजारात जा, आणि पोट रिकामं ठेवा. रिदा घातलेल्या बायका पिशव्या सांभाळत फिरत असतात. रिदा म्हणजे दोन भागांचा पायघोळ झगा; फिका गुलाबी, पिस्ता, आकाशी, कडेला लेस. काळा सोडून सगळे रंग. पुरुषांच्या टोप्या दुकानात मिळतात, पण बायकांनी घरीच विणलेल्या टोपीचा भाव वेगळा. बोटांत क्रोशाची सुई, पांढरा दोरा, मग सोनेरी कसब. टाके मोजावे लागतात. एक चुकला तर पट्टीची नक्षी वाकडी होते आणि ती टोपी आयुष्यभर त्या माणसाच्या डोक्यावर बसते.

बाजारात बारा हंडी आहे, रात्रभर मंद आचेवर शिजणारं मांस आणि चमच्यानं उकरावा लागेल असा रस्सा. खावसा आहे, नूडल्सवर नारळाची पातळ आमटी ओतलेला आणि वरून कुरकुरीत पापडी टाकलेला. तो बर्माहून सुरतेत आलेला पदार्थ, आता पक्का सुरती. दुकानदाराला भाव विचारा. हसत सांगेल. पैसे सुटे असतील तर बरं, म्हणजे उरलेले परत घ्यायचे राहत नाहीत.